लालाच्या शोधात : मिरज ते श्रीनगर

आमच्या घरात दोघेही शिक्षक. एकाच शाळेत एक जण उर्दू शिकवतो, एक जण मराठी. कुणी रजेवर असले की एकमेकांचे तासही घेतो. वीस-बावीस वर्षे झाली. एवढ्या काळात ‘गुल-ए-लाला’चा अर्थ आम्ही किती वर्गांना सांगितला असेल, मोजदाद नाही. फळ्यावर लिहायचे : लाला म्हणजे लाल फूल, ज्याच्या काळजात काळा डाग असतो. नर्गिस म्हणजे डोळ्यासारखे फूल. सुंबुल म्हणजे केसांच्या बटांसारखे. सोसन म्हणजे जिभेसारख्या पाकळ्यांचे, दहा जिभा असूनही गप्प राहणारे. मुले लिहून घेत, परीक्षेत तसेच उतरवत, आणि आम्ही पूर्ण गुण देत असू.

मग एका वर्षी सातवीतल्या एका मुलाने मागच्या बाकावरून विचारले, “सर, लाला कैसा रहता?”

आम्ही म्हणालो, “जास्वंदासारखा.”

“फिर जास्वंद को लाला बोलते क्या?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो, तास संपला. पण घरी आल्यावर चहा पिताना दोघांच्याही लक्षात आले की लाला, नर्गिस, सुंबुल, सोसन यांतले एकही फूल आम्ही आयुष्यात पाहिलेले नाही. मोगरा पाहिलाय, गुलछडी पाहिलीय, बाजारात ढिगाने झेंडू पाहिलाय. पण ज्या फुलांवर आमचा अर्धा अभ्यासक्रम उभा आहे, ती फुले आमच्यासाठी केवळ शब्द होती. मराठीच्या तासाला निदान ‘पारिजातक’ म्हटले की बोट दाखवायला शाळेच्या आवारात झाड तरी आहे.

आमच्या अम्मी हे सगळे ऐकत होत्या. अम्मी आठवीपर्यंत शिकलेल्या, पण उर्दू शेर त्यांना इतके पाठ की कधीकधी धडा शिकवण्याआधी आम्हीच त्यांना विचारतो. त्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब नियमित घातले तर उरलेली टिकेल, असे ते म्हणाले होते. अम्मींना समोरचे दिसत होते, पण बाजूचे जवळजवळ मिटले होते. ताटातली भाकरी दिसायची, शेजारची वाटी नाही.

“आँखां है तब तक देख लेती मैं भी,” अम्मी म्हणाल्या. “जिंदगीभर नर्गिस नर्गिस बोली, देखी कहाँ?”

असे आमचे श्रीनगर ठरले.

शिक्षकांना एप्रिलमध्ये बाहेर पडणे किती अवघड, हे वाचकांमध्ये जे शिक्षक असतील त्यांना सांगायला नको. परीक्षा, पेपर, निकाल. आणि ही फुले नेमकी त्याच दिवसांत. श्रीनगरची ट्युलिपची बाग मार्चच्या शेवटाला उघडते आणि साधारण महिनाभरात बंद होते. मे महिन्याच्या सुटीत गेलात तर नुसती माती बघून यावे लागते. दोन वर्षांपूर्वी ईद एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली. ईद झाली, गठ्ठे रात्री जागून तपासून दिले, सहा दिवसांची रजा कशीबशी मिळाली. मिरजेहून रेल्वेने पुणे, पुण्याहून दिल्लीमार्गे विमान. धाकटी लेक सोबत होती. विमानात अम्मींनी खिडकीची जागा तिला दिली. “मुझे बाजू का दिखता नहीं, खिडकी क्या करूँ?”

बाग जबरवान डोंगराच्या पायथ्याला आहे. पूर्वी या जागेला सिराज बाग म्हणत. २००७ मध्ये ती ट्युलिपसाठी खुली झाली आणि आता तिचे नाव इंदिरा गांधी मेमोरियल ट्युलिप गार्डन असे आहे. सुमारे तीस हेक्टरांचा उतार पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढलेला, आणि खाली दल सरोवराचे पाणी. २०२३ मध्ये या बागेची विक्रमाच्या पुस्तकात नोंद झाली, तेव्हा १५ लाख ट्युलिप आणि ६८ जाती असे आकडे दिले होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे सगळे फूल वाटतच नाही. शेतात रंगीत लुगडी वाळत घातल्यासारखे वाटते. आम्ही दोघे आणि लेक काही वेळ काही न बोलता उभे राहिलो.

अम्मी मात्र विचारत होत्या, “कहाँ है?”

तेव्हा आम्हाला समजले. पंधरा लाख फुलांचा तो देखावा अम्मींसाठी नव्हताच. रुंद दृश्य त्यांच्या नजरेत मावत नव्हते. आजूबाजूला लोक मोबाईल उंच धरून सगळी बाग एका चौकटीत घ्यायला धडपडत होते, आणि आमच्या अम्मी त्या गर्दीत रिकाम्या हाताने उभ्या होत्या. आपण एवढ्या लांब यांना कशाला आणले, असे क्षणभर वाटले.

एक वयस्कर माळी वाफ्यातली सुकलेली फुले खुडत होते. आम्ही त्यांना सलाम केला, अम्मींच्या डोळ्यांचे सांगितले. ते म्हणाले, “इन्हें यहाँ बिठाइए.” वाफ्याच्या कडेच्या दगडावर अम्मी बसल्या. फुलांना हात लावू नये अशी पाटी होती, ती पाहून माळीबाबांनी स्वतःच एका लाल फुलाची दांडी दोन बोटांनी हलकेच वाकवून अम्मींच्या समोर आणली. दुपारच्या उन्हात पाकळ्या उघडल्या होत्या. आत तळाशी काळा डाग होता, त्याला पिवळसर किनार.

अम्मी बराच वेळ त्या एका फुलात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “दाग है. सचमुच है.”

आम्हीही वाकून पाहिले. वीस वर्षे फळ्यावर लिहिलेले ते वाक्य खोटे नव्हते. पण सगळ्याच ट्युलिपमध्ये हा डाग नसतो, हेही तिथेच कळले. शेजारच्या वाफ्यातल्या पांढऱ्या आणि गुलाबी फुलांचे तळ कोरे होते. फारसी-उर्दूतला लाला म्हणजे बागेतला हा हॉलंडचा संकर नव्हे. डोंगरउतारावर आपोआप उगवणारे रानटी ट्युलिप आणि तशाच लाल, काळ्या डागाच्या इतर रानफुलांनाही, अगदी रानटी खसखशीच्या फुलालाही, लोक लालाच म्हणत आले. इक्बालांच्या १९२३ च्या ‘पयाम-ए-मश्रिक’मध्ये रुबायांच्या भागाचे नावच ‘लाला-ए-तूर’ आहे. तिथला लाला बागेतला नाही, डोंगरातला आहे. जास्वंद तर तो नक्कीच नाही.

माळीबाबा बोलके होते. त्यांनी खिशातून एक कंद काढून दाखवला. आमची लेक म्हणाली, “हा तर कांदा!” खरेच, वरचे तपकिरी पातळ साल, खाली मुळांची चकती, टोकाला निमुळते. कांद्यासारखाच तो पानांच्या जाड थरांचा बनलेला असतो, आणि त्या थरांच्या मधोमध पुढच्या वसंतातले फूल उन्हाळ्यातच बारीक रूपात तयार होऊन बसलेले असते. लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करतात. कंद जेवढा उंच त्याच्या तिप्पट खोल, टोक वर, चकती खाली, आणि माती पाणी धरून न ठेवणारी. मग वरून बर्फ पडतो. आपल्याला वाटते बर्फाने कंद मरेल. उलट त्याला बर्फच हवा असतो. बारा ते सोळा आठवडे थंडी मिळाली नाही तर दांडा वर येतच नाही, फूल पानांच्या बुडातच अडकून राहते. काश्मिरात २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंतचे चाळीस दिवस ‘चिल्ला-ए-कलां’ म्हणजे मोठ्या थंडीचे, त्यानंतर वीस दिवस मधल्या थंडीचे, मग दहा दिवस धाकट्या थंडीचे. लोक फिरनच्या आत कांगडी धरून बसतात तेव्हा जमिनीत कंद मुळे सोडत असतात.

सगळी बाग एकदम फुलू नये म्हणून लवकर येणाऱ्या, मधल्या आणि उशिरा येणाऱ्या जाती वेगवेगळ्या वाफ्यांत लावतात. आम्ही गेलो तेव्हा लवकरच्या वाफ्यांचे फूल उतरले होते आणि माळी तिथली बोंडे खुडत होते. बी धरू दिले तर कंदाची ताकद बियात जाते, म्हणून बोंड काढायचे. पण पानांना हात लावायचा नाही. ती पिवळी पडेपर्यंत, सहा-एक आठवडे, कंदात अन्न भरत असतात. पर्यटक गेल्यावर बागेचे खरे काम सुरू होते, असे माळीबाबा म्हणाले. जूनच्या सुमारास कंद काढायचे, सावलीत वाळवायचे, निवडायचे, पुन्हा शरदात लावायचे. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती आमच्या मनात राहिली. ट्युलिपचा जो कंद आपण लावतो तो फूल देऊन त्याच वर्षी संपतो. जूनमध्ये हाताला लागतात ते त्याच्या कुशीत वाढलेले नवे कंद. “माँ नहीं मिलती, बच्चे मिलते हैं,” ते म्हणाले. अम्मी हे ऐकून हसल्या.

त्याच वाफ्यांच्या कडेने सुंबुलही होता. इंग्रजीत ज्याला हायसिंथ म्हणतात तो. कुरळ्या, दाट फुलांचा तुरा, आणि वास इतका गडद की लेकीने नाक चिमटीत धरले. केसांच्या बटांची उपमा कुठून आली, हे विचारायला नको.

बागेतले हे कंद मुळात हॉलंडहून मागवलेले, हे ऐकून आम्हाला जरा वाईट वाटले होते. पण ट्युलिपचा प्रवास माहीत असणाऱ्याला त्यात गंमत दिसेल. या फुलाचे मूळ घर मध्य आशियातले डोंगर, पामीर आणि तियानशान. काश्मीरपासून फार लांब नाही. तिथून ते पश्चिमेला गेले. तुर्कस्तानात त्याला ‘लाले’ म्हणतात. अरबी लिपीत ‘लाले’ आणि ‘अल्लाह’ या दोन्ही शब्दांत तीच अक्षरे येतात, अलिफ, लाम, लाम, हे. ‘हिलाल’ म्हणजे चंद्रकोरीतही तीच. म्हणून अब्जदच्या हिशेबाने तिन्हींची बेरीज ६६ होते. उस्मानी कारागिरांनी मशिदींच्या फरशांवर, कापडांवर हे फूल का काढले असेल, त्याचे एक उत्तर या अक्षरांत आहे. इस्तंबूलमध्ये १७१८ ते १७३० या काळाला ‘लाले देव्री’, म्हणजे लाल्याचा काळ, असेच नाव पडले. एकेका कंदाची किंमत इतकी वाढली की सुलतान तिसऱ्या अहमदच्या सरकारला दर बांधून द्यावे लागले. पुढे १७३० मध्ये पत्रोना खलीलचे बंड झाले आणि ती चैन संपली. त्याच्या आधी, सोळाव्या शतकात, तुर्कस्तानातून कंद युरोपात पोचले होते. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ मध्ये लायडनला येऊन ते हॉलंडच्या मातीत लावले, आणि १६३७ च्या फेब्रुवारीत कंदांच्या सौद्यांचा बाजार तिथे कोसळला, ती गोष्ट अर्थशास्त्राची पुस्तके अजून सांगतात. म्हणजे डोंगरातून निघालेले फूल तुर्कस्तान, हॉलंड असे फिरून चारशे वर्षांनी शेजारच्याच दरीत परत आले, तेही विमानाने.

मात्र काश्मीरला ट्युलिप २००७ मध्येच पहिल्यांदा दिसले असे कुणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. जहांगीर बादशहा १६२० च्या वसंतात इथे होता. आपल्या आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवले आहे की काश्मिरी लोक घरांची लाकडी छपरे मातीने झाकतात आणि त्या मातीत लाल्याचे कंद लावतात. दर वसंतात छपरे फुलतात, आणि ही रीत फक्त काश्मीरचीच. त्या वर्षी राजवाड्याच्या छोट्या बागेत आणि मोठ्या मशिदीच्या छपरावर लाला फार बहरला होता, असेही तो नोंदवतो. त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने काश्मीरच्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली होती. त्यांतले लाल ट्युलिपचे एक चित्र आजही अलीगढच्या मौलाना आझाद लायब्ररीत आहे.

मशिदीच्या छपरावर ट्युलिप! आम्ही जुन्या शहरात मान वर करून करून फिरलो. आता बहुतेक ठिकाणी पत्रे आले आहेत. जुन्या पद्धतीत फळ्यांवर भूर्जवृक्षाच्या सालीचे थर घालत, ते पाणी अडवी. वर माती, ती थंडी अडवी. मराठीच्या तासाला आम्ही भूर्जपत्रावरच्या पोथ्यांबद्दल शिकवतो. त्याच सालीखाली माणसे राहत होती आणि तिच्यावर लाला फुलत होता, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

नर्गिस मात्र ट्युलिपच्या बागेत मनासारखी दिसली नाही. मोठ्या पिवळ्या डॅफोडिलचे वाफे होते, पण ती अम्मींच्या शेरांतली नर्गिस नव्हे. आम्ही ज्या घरगुती गेस्ट हाउसमध्ये उतरलो होतो तिथल्या मालकीणबाई, आम्ही त्यांना खाला म्हणू लागलो होतो, हे ऐकून हसल्या. “यंबरझल? वो तो हमारे पिछवाड़े में है.” काश्मिरीत नर्गिसला यंबरझल म्हणतात. भुंगा आणि यंबरझल यांच्या कथेवर दीनानाथ नादिम यांनी १९५३ मध्ये लिहिलेले संगीत नाटक, ‘बोंबुर त यंबरझल’, काश्मिरी भाषेतला पहिला ऑपेरा मानतात. खालांनी आम्हाला मागच्या दाराने नेले. भिंतीच्या सावलीत एक झुबका उरला होता, बहुतेक फुले वाळलेली. एकाच दांड्यावर पाच-सहा फुले, पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळी वाटी. पांढऱ्यात पिवळे बुबुळ. फूल जरासे खाली वाकलेले, आजारी माणसाच्या डोळ्यासारखे. शायर नर्गिसला ‘बीमार’ का म्हणतात ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

अम्मींनी ते बोटांनी चाचपून पाहिले, वास घेतला. इथे पाटी नव्हती.

ट्युलिपसारखे नर्गिसचे कंद दर वर्षी काढावे लागत नाहीत, खाला सांगत होत्या. एकदा लावले की वर्षानुवर्षे एकाच जागी वाढतात, एकाचे चार होतात. फार दाटी झाली की पाने सुकल्यावर काढून वेगळे करायचे. त्यांच्या सासूबाईंनी लावलेला हा झुबका होता. “अम्मीजान, जून में निकालूँगी, आपको भेजूँगी,” त्या म्हणाल्या. असे लोक म्हणतात, आम्हीही म्हणतो. आम्ही ते मनावर घेतले नाही.

परतायच्या आदल्या दिवशी खालांच्या शेजारच्या कब्रस्तानावरून चाललो होतो. कबरींच्या मातीत जांभळी आणि पांढरी फुले उभी होती, तलवारीसारखी पाने, तीन पाकळ्या वर, तीन खाली लोंबणाऱ्या. आयरिस. म्हणजे सोसन! खाला म्हणाल्या, “हम इसे मज़ारमुंड कहते हैं.” याला गोल कंद नसतो, हळकुंडासारखे जमिनीलगत आडवे खोड असते. पाणी घालावे लागत नाही, कुणी लक्ष दिले नाही तरी पसरते, मातीला धरून ठेवते. आपल्याकडे आपण कबरीवर सब्जा लावतो, तसे हे. अब्बांच्या कबरीवरचा सब्जा दर उन्हाळ्यात वाळतो आणि दर पावसात बियांनी उठतो. अम्मी काही बोलल्या नाहीत, फातिहा पढून पुढे झाल्या. पण खालांनी आपल्या अंगणातला मज़ारमुंडचा एक तुकडा कागदात गुंडाळून दिला. तो आम्ही मिरजेच्या कब्रस्तानात लावला. जुलैच्या पावसात आमच्या काळ्या मातीत तो कुजला. डोंगरउतारावरच्या झाडाला पाण्याखाली उभे राहायची सवय नसते, आणि आम्हाला हे आधी सुचायला हवे होते. हळद पिकवणाऱ्या सांगली जिल्ह्यात राहून कंद कशाने सडतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको होते.

ऑक्टोबरमध्ये पुण्याहून एका मुलाचा फोन आला. खालांचा भाचा, पुण्यात शिकायला होता, सुटी संपवून परतताना एक पुडके घेऊन आला होता. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा नर्गिसचे कंद होते. आम्ही ते मनावर घेतले नव्हते, याची लाज वाटली.

मग आम्हालाही जोर चढला. ट्युलिपचे दहा कंद टपालाने मागवले, ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला आले. मिरजेत बर्फ कुठला? जानेवारीत पहाटे गारवा असतो, पण दुपारी ऊन तापतेच. बर्फाच्या जागी फ्रिज. कागदी पिशवीला भोके पाडून दहा कंद भाजीच्या खालच्या कप्प्यात ठेवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारा आठवडे मोजून खूण केली. अम्मी रोज विचारत, “सोए क्या अच्छे से?” फेब्रुवारीत कुंडीत लावले. पाने आली, चांगली रुंद, निळसर हिरवी. आम्ही रोज सकाळी पाहत होतो. मग पानांच्या मध्ये कळी दिसली, आणि ती तशीच कागदासारखी वाळून गेली. दहाच्या दहा.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “कप्प्यात आणखी काय होते?” सफरचंदे होती. अम्मींना साखरेचा त्रास, त्यांच्यासाठी सफरचंदे कायम असतात. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते. त्याने केळी पिकतात हे आपल्याला माहीत असते, पण त्याच वायूने कंदाच्या पोटातली कळी मरते. तीन महिने आम्ही त्यांना थंडीही देत होतो आणि विषही. आणि पेटीवर लिहिलेले होते : काश्मीरची सफरचंदे.

नर्गिसचे मात्र वेगळे झाले. या जातीच्या नर्गिसला ट्युलिपएवढी थंडी लागत नाही. उन्हाळ्यात कोरडी, उबदार विश्रांती मिळाली की तिचे भागते. काचेच्या पसरट भांड्यात खडे घातले, त्यावर सहा कंद टेकवले, पाणी फक्त चकतीला लागेल एवढेच. कंद पाण्यात बुडाला की सडतो. मुळे धरेपर्यंत कोठीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, नंतर खिडकीत. सहांपैकी चारांना नुसती पानेच आली. दोघांना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दांडा आला.

तोवर अम्मींची नजर आणखी उतरली होती. पहाटे फजरच्या वेळी त्या उठल्या आणि हाक मारली, “खिली क्या देखो तो. बास आ रही.” आम्ही दिवा लावला. दोन फुले उघडली होती, बाकीच्या कळ्या मिटलेल्या. घरात आमच्यापैकी कुणाला अजून वास आला नव्हता. अम्मींनी भांडे जवळ ओढून घेतले, अगदी नाकासमोर, जिथे त्यांना दिसते तिथे.

त्या आठवड्यात भांडे रिक्षातून शाळेत नेले. लाला विचारणारा मुलगा तेव्हा नववीत होता. त्याने नर्गिस पाहिली, हुंगली आणि विचारले, “लेकिन सर, लाला?”

म्हणून दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा दहा कंद आणले. सफरचंदे बाहेर टेबलावर आली, केळी शेजाऱ्यांकडे गेली, आणि फ्रिजचा खालचा कप्पा तीन महिने बाकी सगळ्यांना बंद. या वेळी कुंड्या उत्तरेच्या गॅलरीत ठेवल्या, दुपारी ओले गोणपाट आडवे बांधून. दहांपैकी तीन फुलले. दांडे बुटके, श्रीनगरच्या निम्मे असतील. चार दिवस टिकले, पाचव्या दिवशी पाकळ्या गळाल्या. पण लाल होते, आणि वाकून पाहिले तर तळाशी डाग होता. आमच्या वर्गातली एकोणचाळीस मुले चार-चार जणांच्या रांगेने गॅलरीत येऊन गेली, आणि जिन्यावरच्या चपलांचा ढीग पाहून खालच्या मजल्यावरच्यांनी काही बरेवाईट झाले का, असे विचारले.

या फुलांचे पुढे काय करायचे, हा वाद घरात अजून चालू आहे. आपल्या उन्हाळ्यात ट्युलिपचे नवे कंद भरत नाहीत. पाने सहा आठवड्यांऐवजी दोन आठवड्यांतच वाळतात. उष्ण भागात ते एका मोसमाचे मानून टाकून द्यावेत, असेच जाणकार सांगतात. आम्ही परवा कुंड्या उपसल्या. मोठा कंद खरेच गेला होता, नुसते साल उरले होते. त्याच्या जागी लसणाच्या पाकळीएवढी दोन-तीन पिल्ले. हे फुलणार नाहीत, आम्ही अम्मींना म्हणालो. अम्मी म्हणाल्या, “फेंकना नहीं.”

तेव्हा ती पिल्ले आणि नर्गिसचे सहा कंद आता स्वयंपाकघरात जाळीच्या पिशवीत, लसणाच्या शेजारी टांगले आहेत. नर्गिसचा कंद विषारी असतो, ट्युलिपचाही पोटात जाऊ नये. कुणी चुकून चिरून फोडणीत घातला तर उलट्या ठरलेल्या. म्हणून आमच्या लेकीने पिशवीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे, उर्दूत आणि मराठीत, अम्मींना वाचता यावी एवढ्या मोठ्या अक्षरांत : हा कांदा नाही.